पुरातली ती रात्र इंग्रजीत कशी सांगू?

आदरणीय मॅडम,

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स आहे, वय 36. सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात बारा वर्षं काम करते. शिक्षण मराठी माध्यमातलं, एबीसीडी पाचवीत गिरवली. इंग्लंडमध्ये नोकरी मिळावी म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देते आहे. ऐकणं आणि वाचन यांत 7 मिळाले, बोलण्यात मात्र 6 वर अडकले. कार्डावर विषय आला होता : एखाद्या कठीण प्रसंगातून तुम्ही कसा मार्ग काढलात ते सांगा. मी 2019 चा महापूर निवडला. आमच्या ग्राउंड फ्लोअरला पाणी शिरत होतं, लिफ्ट बंद, सात पेशंट वरच्या मजल्यावर न्यायचे होते. त्यात ऑक्सिजनवरच्या एक आजी. वॉर्डमधले मामा-मावशी मदतीला होते. आजींना वर नेलं, ऑक्सिजन लावला, रात्रभर त्यांचा हात धरून बसले. मी आजींशी बोलत राहिले. पुढच्या पाळीचा स्टाफ पोचू शकला नाही, म्हणून मी दोन दिवस सलग ड्यूटी केली. मराठीत हे मी तासभर सांगेन. तिथे चाळीस सेकंदांत सगळं संपलं. क्रियापदाला 'टु' लावायचं की 'इंग' लावायचं, तिथेच जीभ अडखळत होती. बोललेलं आठवून कागदावर उतरवलं आहे, तो कागद सोबत जोडते. कुठे चुकलं ते सांगाल का?

एक सिस्टर, सांगली

*

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मगच तुमचा इंग्रजी कागद उघडला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं. अशा रात्री तुम्ही सात माणसं जिन्याने वर नेलीत. आणि कागदावर काय आहे? पहिलं वाक्य, 'द बिग प्रॉब्लेम केम'. शेवटचं वाक्य, 'द प्रॉब्लेम वॉज सॉल्व्हड'. मधे 'आय' येतो, पण सुरुवात आणि शेवट अडचणीचाच. परीक्षकाला पूर दिसला, रुग्णालय दिसलं, तुम्ही मात्र पुसटच दिसलात. माझ्या मते तुमची खरी अडचण ही आहे. 'टु' आणि 'इंग' त्याच्या मागून येतात, त्यांच्याकडे वळूच.

असं का झालं, ते सांगते. आपल्यावर गुदरलेला प्रसंग मराठीत सांगताना आपण स्वतःला सहज बाजूला ठेवतो. अडचण आली, वेळ आली, मार्ग निघाला, जमलं, झेपलं, निभावलं. 'मला जमलं' हे वाक्य बघा. त्यात 'मी' कर्ता नाही, 'मला' ही चतुर्थी आहे. गोष्ट घडते आणि आपल्यापाशी येऊन पोचते. मला सुचलं, मला राहवलं नाही, मला बोलवेना, मला थांबावं लागलं, ही सगळी त्याच घरची वाक्यं. मला ही रचना फार आवडते, तिच्यात एक नम्रपणा आहे. पण इंग्रजीत नेताना ती जशीच्या तशी उचलली की माणूस वाक्यातून गळून पडतो. अडचणींशी दोन हात करण्याची इंग्रजी क्रियापदं बहुतेक माणसापासून सुरू होतात. 'आय फेस्ड', 'आय डेल्ट विथ', 'आय मॅनेज्ड', 'आय हॅड टु'. मला थांबावं लागलं, 'आय हॅड टु स्टे'. मला जमलं, 'आय मॅनेज्ड'. तुम्हाला ही बढाई वाटेल. तुमच्यासारख्या कामसू बायकांना ती हमखास वाटते, माझ्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पण त्या भाषेत ते साधं निवेदन आहे. हाताने केलेलं काम 'आय' म्हणून सांगायला कचरू नका.

आता क्रियापदांकडे येऊ. तुम्ही पुरासाठी 'सॉल्व्ह' वापरलंत. गणित सोडवतात, कोडं सोडवतात, पूर सोडवता येत नाही. त्या रात्री तुम्ही जे केलंत त्यासाठी दुसरे शब्द आहेत, आणि त्यांच्यात मराठीइतकाच बारीक फरक आहे. 'डील विथ' म्हणजे हाताळणं, पावलं उचलणं. लिफ्ट बंद पडली, पेशंट हलवायचे होते, हे तुम्ही 'डेल्ट विथ' केलंत. 'कोप विथ' म्हणजे निभावून नेणं, ताण आला तरी कोलमडून न पडणं. दोन रात्री झोप नाही, घरची खबर नाही, तरी उभ्या राहिलात, ते 'कोप्ड विथ'. 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणं, सोसणं. वास, डास, अंधार यांच्यासाठी तो शब्द नेमका. आणि 'गेट ओव्हर' म्हणजे धक्क्यातून सावरणं, ते नंतरचं. एकाच उत्तरात यातले तीन शब्द योग्य जागी आले, तर ते उगाच पेरलेले वाटत नाहीत, कारण तुमच्या अनुभवातच ते तीन टप्पे आहेत.

तुमच्या कागदावर 'कोप अप विथ' असं आहे. हे भारतभर ऐकू येतं, म्हणून तुम्हाला दोष देणार नाही. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'पुट अप विथ' यांच्या शेजारी राहून 'कोप'लाही 'अप' चिकटला असावा. तो काढून टाका. 'आय कोप्ड विथ द प्रेशर', बस्स.

यावरून मुख्य मुद्द्यावर येते. इंग्रजी क्रियापद एकटं पाठ करायचं नसतं, त्याच्या शेपटीसकट करायचं असतं. शाळेत आपण 'सक्सीड म्हणजे यशस्वी होणे' एवढंच घोकलं, पुढे काय येतं ते कोणी घोकून घेतलं नाही. ही तक्रार जुनी आहे आणि फक्त आपली नाही. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक 1924 मध्ये जपानला शिकवायला गेले. शब्दाचा अर्थ कळला तरी वाक्य बांधता येत नाही, ही विद्यार्थ्यांची अडचण त्यांनी ओळखली. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. त्यात इंग्रजी क्रियापदांचे 25 साचे दिले होते, म्हणजे कुठल्या क्रियापदामागे काय येतं हे. ऑक्सफर्डने तो 1948 पासून छापायला घेतला आणि परक्या विद्यार्थ्यांसाठीचे पुढचे बरेच कोश त्याच वाटेने गेले. आजही विद्यार्थ्यांसाठी केलेला कोणताही चांगला इंग्रजी कोश उघडा, क्रियापदाच्या अर्थाजवळ त्याची शेपटी छापलेली असते. आपण अर्थ वाचतो आणि पान मिटतो.

तुम्हाला 25 साचे नकोत. तुमच्या गोष्टीपुरते सात-आठ पुरेत. तुमचीच वाक्यं घेऊ.

'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.' मराठीत आपण अडचणी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' आला. 'डिस्कस'ला तो लागत नाही, थेट 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम'. 'डिस्कशन' हे नाम असेल तर 'अबाउट' चालतो, गोंधळ तिथूनच होतो. तसंच 'आय फेस्ड विथ मेनी प्रॉब्लेम्स'. 'फेस'च्या मागे थेट अडचण येते : 'आय फेस्ड मेनी प्रॉब्लेम्स'. 'विथ' हवाच असेल, तर 'आय वॉज फेस्ड विथ' म्हणा. दोन्ही बरोबर आहेत, त्यांची खिचडी तेवढी चुकीची.

'आय हॅड डिफिकल्टी टु रीच द वॉर्ड.' इथे तुम्ही 'टु' आणि 'इंग'च्या चिखलात आलात. आणि या चिखलाचं कारण आपलं 'करायला' आहे. पोचायला त्रास झाला, पोचायला जमलं, पोचायला वेळ लागला, पोचायला धडपडले. मराठीत सगळीकडे एकच 'पोचायला'. इंग्रजीत मात्र क्रियापद बदललं की शेपटी बदलते. 'आय हॅड डिफिकल्टी रीचिंग', पण 'आय स्ट्रगल्ड टु रीच'. 'आय मॅनेज्ड टु रीच', पण 'आय सक्सीडेड इन रीचिंग'. 'इट वॉज डिफिकल्ट टु रीच', पण 'आय हॅड ट्रबल रीचिंग'. म्हणजे 'करायला'चा अर्थ 'टु डू' असं जे डोक्यात बसलंय, ते इथे निम्म्या वेळा फसवतं. याला तर्क शोधत बसू नका. 'मॅनेज्ड टु' हा एकच शब्द आहे असं समजून जिभेवर बसवा, 'हॅड डिफिकल्टी'च्या मागे 'इंग' आपोआप यावं इतक्या वेळा म्हणा.

पण 'करायला' सोडलं, तर मराठी तुम्हाला वाट दाखवते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, शिकवता शिकवता कळलं आणि त्या दिवशी फार आनंद झाला. दोन भाषांतले हे फरक इतके एकमेकांवर बसतात.

औषधाचंच बघा. 'इंजेक्शन द्यायचं लक्षात राहिलं' आणि 'इंजेक्शन दिल्याचं आठवतंय', यात केवढा फरक आहे हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? पहिलं 'आय रिमेंबर्ड टु गिव्ह द इंजेक्शन'. दुसरं 'आय रिमेंबर गिव्हिंग द इंजेक्शन'. 'द्यायचं' ला 'टु', 'दिल्याचं' ला 'इंग'. पुढे करायच्या कामाला 'टु', करून झालेल्याला 'इंग'. नर्सच्या तोंडी ही चूक परीक्षेपुरती राहत नाही. पाळी बदलताना, हँडओव्हरमध्ये समोरची सिस्टर काय समजेल त्यावर डोस दिला जाणं, राहून जाणं किंवा दुसऱ्यांदा दिला जाणं ठरू शकतं. म्हणून हे वाक्य सगळ्यात आधी पक्कं करा.

'बोलायला थांबले' आणि 'बोलायचं थांबले'. पहिलं 'आय स्टॉप्ड टु टॉक', म्हणजे चालता चालता थांबून बोलले. दुसरं 'आय स्टॉप्ड टॉकिंग', म्हणजे गप्प झाले. तुम्ही लिहिलंय की आजींची धाप वाढली तेव्हा तुम्ही 'स्टॉप्ड टु मूव्ह हर'. त्याचा अर्थ होतो, त्यांना हलवायला थांबलात. तुम्हाला म्हणायचं होतं, हलवायचं थांबवलं : 'आय स्टॉप्ड मूव्हिंग हर'.

'दार उघडायचा प्रयत्न केला' हे 'आय ट्राइड टु ओपन द डोअर', आणि बहुधा ते उघडलं नाही. 'दार उघडून पाहिलं' हे 'आय ट्राइड ओपनिंग द डोअर', उपाय म्हणून करून बघितलं. आपल्याकडे 'करून पाहणं' किती सहज आहे! आजींना बरं वाटावं म्हणून तुम्ही उशी उंच करून पाहिलीत, खिडकी उघडून पाहिलीत, ते सगळं 'आय ट्राइड रेझिंग द पिलो, आय ट्राइड ओपनिंग द विंडो'.

'पाणी वाढतच राहिलं.' मराठीत 'त', इंग्रजीत 'इंग' : 'द वॉटर केप्ट रायझिंग'. 'मी आजींशी बोलत राहिले', 'आय केप्ट टॉकिंग टु हर'. तुमच्या पत्रात हे वाक्य मराठीत आहे, इंग्रजी कागदावर मात्र नाही. ते टाकाच. इतकं छोटं वाक्य, पण त्यात तुमचा स्वभाव दिसतो.

'नातेवाइकांकडून खाटा हलवून घेतल्या.' याला तुम्ही 'आय टोल्ड रिलेटिव्हज अँड दे वेअर मूव्हिंग' असा वळसा घातलात. 'करवून घेणं' याला इंग्रजीत 'गेट' आहे : 'आय गॉट द रिलेटिव्हज टु मूव्ह द बेड्स'. इथे 'टु' हवा. पण 'हेल्प'मागे तो गाळला तरी चालतो : 'द वॉर्ड बॉईज हेल्प्ड अस कॅरी द सिलेंडर'. (वॉर्डमधले मामा-मावशी तुमच्या मराठी वर्णनात आहेत, इंग्रजीत गाळलेत. त्यांनाही आणा.) आणि 'मेक'ला 'टु' अजिबात नको : 'आय मेड हर सिट अप', मी त्यांना उठवून बसवलं. 'येण्यापासून रोखलं' यातलं 'पासून' म्हणजे 'फ्रॉम' : 'वी यूज्ड सँडबॅग्ज टु स्टॉप द वॉटर फ्रॉम कमिंग इन'. वाळूची पोती तुमच्याकडे नसतील, तर जे लावलं असेल ते सांगा, ब्लँकेट म्हणा, गाद्या म्हणा. बनावट तपशील बोलताना जीभ अडखळते.

'आय कुड नॉट अव्हॉइड टु क्राय' असं एक वाक्य आहे. 'अव्हॉइड'मागे नेहमी 'इंग', हे एक. पण तुम्हाला 'टाळणं' म्हणायचंच नव्हतं. रडू आवरलं नाही, असं म्हणायचं होतं. त्याला इंग्रजीत 'आय कुडन्ट हेल्प क्रायिंग' म्हणतात. यात 'हेल्प'चा मदतीशी काही संबंध नाही, तिथे त्याचा अर्थ आवरणं, रोखणं असा आहे.

आता 'आय यूज टु वर्किंग नाइट्स'. यात दोन वाक्यं एकमेकांत अडकली आहेत. 'मी पूर्वी नाइट करायचे', हे 'आय यूज्ड टु वर्क नाइट्स'. 'मला नाइटची सवय आहे', हे 'आय ॲम यूज्ड टु वर्किंग नाइट्स'. दुसऱ्या वाक्यातला 'टु' हा क्रियापदाचा नाही, तो आपल्या 'ची' सारखा नामाला चिकटणारा आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याच्या मागे नाम ठेवून बघायचं. 'आय ॲम यूज्ड टु द नॉइज' जमतं, म्हणून तिथे क्रियापद आलं तर 'इंग' घेऊन येतं. उच्चार दोन्हीकडे 'यूस्ट टु' असा करा.

एक बारकावा तुमच्या कागदात तीनदा आला आहे, म्हणून सांगते. 'आय कुड शिफ्ट ऑल सेव्हन पेशंट्स.' एका ठराविक वेळी एखादी गोष्ट धडपडून साधली, तर इंग्रजीत तिथे 'कुड' सहसा वापरत नाहीत. 'आय मॅनेज्ड टु शिफ्ट' किंवा 'आय वॉज एबल टु शिफ्ट' म्हणतात. नाही जमलं, तर मात्र 'आय कुडन्ट' अगदी बरोबर. 'द नेक्स्ट शिफ्ट कुडन्ट रीच द हॉस्पिटल, सो आय एन्डेड अप वर्किंग फॉर टू डेज.' हे 'एन्डेड अप' जवळ ठेवा. शेवटी दोन दिवस तिथेच काढायची वेळ आली, यातली 'वेळ आली' त्यात आहे.

परीक्षेचं थोडंसं. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन मिनिटांपर्यंत, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका, फक्त चार-पाच क्रियापदं शेपटीसकट लिहा : 'मॅनेज्ड टु', 'केप्ट', 'गॉट देम टु', 'कुडन्ट हेल्प', 'एन्डेड अप'. गोष्ट तुमच्याकडे आहे, ती आठवावी लागणार नाही. खुंट्या तेवढ्या हव्यात. व्याकरण हा गुणांच्या चार निकषांपैकी एक आहे. बाकीचे तीन म्हणजे ओघ, शब्दसंपदा आणि उच्चार. व्याकरणात 7 मिळायला प्रत्येक वाक्य बिनचूक असावं लागत नाही, बरीच वाक्यं बिनचूक यावी लागतात, काही चुका राहिल्या तरी चालतं. म्हणून 'टु' चुकला तर लगेच दुरुस्त करून पुढे जा, थांबून राहू नका. चाळीस सेकंदांत संपण्याचं कारण चुका नव्हत्या, चुकीची भीती होती.

सबंध उत्तर पाठ करू नका, असं मी कळकळीने सांगते. क्लासवाले लिहून देतात, मुलं घोकतात, आणि परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप. त्याऐवजी ड्यूटीवरून घरी जाताना फोनच्या रेकॉर्डरवर त्या दिवसातली एकच अडचण बोला. सलाईन लागत नव्हतं, नातेवाईक भांडायला उठले, ऑक्सिजनचा सिलेंडर उशिरा आला. 'आय हॅड ट्रबल फाइंडिंग अ व्हेन, बट आय मॅनेज्ड टु डू इट ऑन द सेकंड ट्राय.' दोन मिनिटं, रोज एक. एका महिन्यात तीस अडचणी होतील, आणि परीक्षेच्या कार्डावर जे येईल ते या तिसांतल्या एखाद्याच्या आसपासचं असेल. इंग्लंडच्या वॉर्डातही शेवटी याच गोष्टी बोलायच्या आहेत.

आणि एक राहिलं. तुम्ही लिहिलंत की आजींना वर नेलं, ऑक्सिजन लावला, रात्रभर त्यांचा हात धरून बसलात. पुढे काय झालं ते ना पत्रात आहे, ना कागदावर. मी तेव्हापासून त्याच विचारात आहे. कळवा. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, फक्त वाक्य 'आय'ने सुरू करा.

तुमची,
मॅडम